थप्पीमागची बालवाडी

वखारीत लहान मुलं नव्हती. दारावर तशी पाटीच होती: ‘लहान मुलांना आत आणू नये.’ पाटी ठोकायच्या दिवशी शिडी धरायला माणूस कमी पडला, म्हणून मुकादमानं मुंगीच्या आईला हाक मारली. तिनं एका हातानं शिडी धरली. दुसऱ्या हातावर मुंगी होती.

पलीकडच्या गावातल्या एका वखारीत कुणाच्या पोराचं बोट पट्ट्यात सापडलं होतं. बोट वाचलं, पोरगंही रडून थांबलं, पण बातमी काही थांबली नाही. आजूबाजूच्या सगळ्या मालकांच्या मनात लहान मुलांविषयी एकाएकी कळवळा दाटून आला. इथल्या मालकानं पाटी रंगवून आणली. आणू नयेत तर मुलं ठेवायची कुठं, हे पाटीवर मावलं नसावं.

हंगाम ऐन भरात होता. वावरातून बटाटा चिखलासकट येत होता. हमाल तो फिरत्या पट्ट्यावर ओतायचे आणि पट्ट्याच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या बायका तो निवडायच्या. मोठा एकीकडे, मध्यम एकीकडे, बारीक बियाण्याला, कापलेला आणि सडका खाली टोपल्यात. गारठा इतका, की सकाळी पहिल्या बटाट्याला हात लावताना बोटं आपली आहेत का शेजारणीची, कळायचं नाही. दुपारपर्यंत चिखल वाळून बोटांच्या भेगांत बसायचा आणि मग ती आपलीच आहेत याची खात्री पटायची. पट्ट्याच्या टोकाला मुंगीची आजी, म्हणजे मुंगीच्या आईची सासू, भरलेल्या गोण्यांची तोंडं दाभणानं शिवत बसायची. म्हातारीचे डोळे अधू होते, पण दाभण सुतळी चुकत नव्हतं आणि जीभ माणूस चुकत नव्हती.

मुलं असायची थप्पीमागे. गोण्यांची थप्पी भिंतीला टेकवून लावत नाहीत, माल घामेजतो, म्हणून मागे हातभर जागा सोडतात. या वखारीतले हमाल दोन हात सोडायचे. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं, आणि का सोडता असं कुणी विचारलंही नव्हतं. त्या फटीत रिकाम्या गोण्या अंथरून मुलं बसत, खेळत, झोपत. मालकाची गाडी वळणावर दिसली की मुकादम खोकायचा. खोकला आला की बाहेर खेळणारी मुलं उंदरासारखी आत पसार. मुकादम माणूस तसा वाईट नव्हता, चांगुलपणा बाहेर दिसला तर नोकरी जाईल एवढीच त्याला धास्ती. हंगामात त्याला खरोखरची सर्दी झाली तेव्हा मात्र पोरांचे हाल झाले. दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर.

आत गेल्यावर आवाज करायचा नाही. हा खेळ मुंगीच्या आईनंच काढला होता. जो बोलेल तो हरला. एकदा मालक पट्ट्याशी उभा असताना एका बाईनं चुकून आपल्या पोराचं नाव घेतलं, आणि आईनं हाक मारली म्हणून ते बिचारं हसत बाहेर आलं. त्या बाईला त्या दिवसापासून काम नाही. मग मुंगीच्या आईनं नियम आणखी कडक केला. सगळ्यांना समोर बसवून म्हणाली, “आईनं हाक मारली तरी यायचं नाही. आजीनं मारली तरी नाही. ‘गाडी गेली’ असं ऐकलं की मगच यायचं. काय ऐकलं की?”

“गाडी गेली,” मुलं म्हणाली.

“हळू.”

“गाडी गेली,” मुलं कुजबुजली.

मुंगी या खेळात कधी हरली नाही. तिला बोलता यायला लागलं ते थप्पीमागेच, त्यामुळे बोलणं म्हणजे कुजबुजणं असाच तिचा समज झाला होता. घरीसुद्धा ती पाणी मागायची ते कानाशी येऊन. तिच्या आईला आधी याचं कौतुक वाटायचं. मग एका सकाळी कालव्यापलीकडच्या सरकारी बालवाडीवरून जाताना आतून गलका ऐकू आला. गाणं म्हणत होती म्हणे पोरं, पण गाण्यात गाणं फारच थोडं होतं, बाकी नुसतं ओरडणं. एक पोरगी तर सगळ्यांच्या वरचा सूर लावून, मान मागे टाकून किंचाळत होती आणि बाई तिला रागावत नव्हत्या. मुंगीची आई कुंपणाशी उभी राहिली ती राहिलीच. त्या दिवशी तिला कामावर उशीर झाला आणि मुकादमाची बोलणी खावी लागली. बोलणी खाताना तिच्या कानात ती पोरगी किंचाळत होती, आणि ते तिला फार गोड लागत होतं.

वखारीच्या पुढच्या सुट्टीला ती मुंगीला न्हाऊमाखू घालून बालवाडीत घेऊन गेली.

“नाव काय बाळा तुझं?” बालवाडीच्या बाईंनी विचारलं.

मुंगी त्यांच्या कानाशी गेली आणि सांगितलं.

“फारच शहाणी आहे हो,” बाई म्हणाल्या. “पण जागा नाही. सरकारनं जेवढ्या मुलांची सोय केली, तेवढी भरली. यातलं कुणी मोठं होऊन शाळेत गेलं की एक जागा निघते.”

“कधी होतील मोठी?”

“होतच असतात की. पण तुमच्या आधी सांगून ठेवलेले खूप आहेत. तोवर ही पण होईल.” बाईंना स्वतःलाच वाईट वाटलं असावं, कारण त्या उठून दारापर्यंत आल्या. “असं करा. कामाच्या जागी मुलं पुरेशी असतील, तर तिथंच एक नवी खोली मंजूर करतात. कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी. कचेरीत जाऊन सांगा.”

कचेरीतली फरशी नुकतीच पुसलेली होती. शिपाई म्हणाला, वाळेपर्यंत बाहेर थांबा. वाळली तेव्हा कारकून चहाला गेला होता. तो आला तेव्हा पुन्हा फरशी पुसायची वेळ झाली होती, म्हणून बोलणं उंबऱ्यावरूनच झालं. ती उंबऱ्याबाहेर, तो खुर्चीत, मध्ये ओली फरशी.

“मुलं कुठं असतात?” कारकुनानं तिथूनच विचारलं.

“वखारीत.”

“वखारीत मुलांना मनाई आहे ना? आमच्याकडूनच कळवलंय तसं.”

“म्हणून तर बालवाडी पाहिजे, साहेब.”

“मनाई आहे म्हणजे मुलं नसणार. मुलं नाहीत तिथं बालवाडी कशी देणार?”

“पण मुलं आहेत की.”

“मग मनाई मोडली म्हणायची. मनाई मोडणाऱ्यांना सवलत कशी देणार?” कारकुनानं हे अगदी प्रेमानं समजावून सांगितलं. हिशोब इतका चोख जुळला होता की त्यालाही बरं वाटलं असावं. आतल्या खोलीतून एक बाई हे ऐकत होती. चष्मा कपाळावर चढवून ती दारात आली आणि म्हणाली, “मी येते बघायला. मुलं डोळ्यांनी दिसली तर मी खोली मागते. दिसायला पाहिजेत मात्र.”

कचेरीत सगळे तिला मॅडम म्हणायचे. मुंगीची आई घरी येईपर्यंत रस्ताभर चालत नव्हती, तरंगत होती.

“सुनबाई, पाय जमिनीला लावा,” सासू म्हणाली. “मॅडम येणार म्हणजे कचेरीतून वखारीला आधी सांगावा जाणार. न सांगता फक्त पाऊस येतो.”

“जाऊ दे की सांगावा. मुलं बघायलाच येतायत.”

“ते आपल्याला माहीत. मालकाला वाटणार, पकडायला येतायत.”

म्हातारीचं म्हणणं खरं झालं. मालकाला वाटलं, झडतीच येतेय. त्या सकाळी मुकादमानं सगळ्या बायकांना गोळा केलं. “आज खोकत बसायला मला वेळ होणार नाही. मालक आणि कचेरीची बाई बरोबरच येतील. पोरं आत्तापासून मागे. एक पोर दिसलं तर त्याची आई उद्या कामाला नाही. आणि त्याची आई कोण, हे मला कळलं नाही, तर सगळ्याच नाहीत.”

मुंगीच्या आईनं बायकांना हळूच समजावायचा प्रयत्न केला. “अगं, त्या मुलांना जागा द्यायला येतायत. दिसली तरच जागा मिळणार.”

“तुला कुणी सांगितलं?” शेजारी उभी राहणारी लांबडी म्हणाली.

“मीच बोलावलंय.”

पट्ट्यावरून बटाटे जात राहिले, पण निवडायला कुणाचा हात पुढे झाला नाही. मग लांबडी म्हणाली, “बाई गं, तुझा नवरा ट्रकवर असतो. माझा खाटेवर असतो. माझं काम गेलं तर तुझी मॅडम येणार आहे का चूल पेटवायला? तू गप उभी राहा.”

बाकीच्यांनी आपापली पोरं थप्पीमागे नेली, आणि एरवी लागतात त्यापेक्षा जास्त रिकाम्या गोण्या तोंडाशी रचल्या. मुंगी स्वतःहून आत गेली. जाताना तिनं आईकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, म्हणजे काळजी करू नकोस, आज पण मीच जिंकणार.

मॅडम आल्या. गाडी मालकाचीच होती. त्यांना वाटेत चिखल लागू नये म्हणून मालकानं ती थेट दारात आणून लावली, पाटी वाचता येईल अशी. मालकानं पट्टा दाखवला, वजनकाटा दाखवला, बिनकामाची पडलेली काट्याची जुनी खोलीसुद्धा दाखवली. मॅडम मात्र खाली बघत होत्या. जमिनीवर, कोपऱ्यात, टोपल्यांमागे. मुंगीच्या आईला ते दिसत होतं. बाई शोधतेय, तिला हवीयत मुलं, आणि आपण कशी लपवलीयत, वा रे आपण.

“तुमची मुलं कुठं असतात?” मॅडमनी बायकांना विचारलं.

“घरी,” एकीनं सांगितलं.

“घरी कोण असतं?”

“कुणी नसतं,” तिच्या तोंडून निघून गेलं, मग ती घाईनं म्हणाली, “म्हणजे मोठी आहेत.”

“माझी मामाकडे असतात,” दुसरी म्हणाली. “मला नाहीतच,” लांबडी म्हणाली, आणि तिचं सगळ्यात धाकटं तिच्यापासून दोन पोत्यांवर श्वास रोखून बसलं होतं.

मॅडमनी सुस्कारा टाकला. “म्हणजे इथं मुलं नाहीत.”

“नाहीतच, मॅडम,” मालक म्हणाला. “पाटी आहे ना.”

मॅडम वळल्या. त्यांची पाठ दिसली. मुंगीच्या आईनं हातातला बटाटा खाली ठेवला. मोठ्यातला होता, चुकून बियाण्यात ठेवला.

“मुंगे,” तिनं हाक मारली. “ये बाहेर.”

वखारीत एवढी शांतता पसरली, की सासूच्या हातातली सुतळी गोणीतून सरकल्याचा आवाज आला. मुकादमाला खोकला आला, पण या वेळी तो सर्दीचाही नव्हता आणि इशाऱ्याचाही नव्हता.

“मुंगे, आई बोलावतेय. ये.”

थप्पीमागे काही हललं नाही. मॅडम थांबून बघत होत्या. मालक हसून म्हणाला, “मांजर असेल हो. उंदरांसाठी ठेवावं लागतं.”

मुंगी येणार नव्हती. आईनं हाक मारली तरी यायचं नाही, आणि मुंगी कधी हरत नाही. मुंगीच्या आईनं एकदा दाराकडे बघितलं. मालकाची पांढरी गाडी दारात उभी होती, धुतलेली, सगळ्यांना दिसेल अशी. मालक मुंगीच्या आईसमोर उभा होता, हातभर अंतरावर. त्याच्या बुटाला बटाट्याची माती लागली होती. ती त्याच्या तोंडाकडे बघत, पण थप्पीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

“गाडी गेली.”

मालकानं दचकून मागे वळून गाडी बघितली.

आधी गोण्या हलल्या. मग मुंगी बाहेर आली, केसांत सुतळीचे धागे, तोंडावर जिंकल्याचं हसू. तिच्यामागून लांबडीचं धाकटं आलं. मग ज्याचं कुणी घरी नव्हतं ते, मग मामाकडची दोघं. आई एकट्या मुंगीला बोलावत होती, पण शब्द सगळ्यांचा होता. थप्पीच्या या टोकानं, त्या टोकानं, टोपल्यांवरून, पोत्यांच्या खालून मुलं येतच राहिली, चिखलाची, शेंबडी, अंगावर गोणीचा छाप उठलेली, आणि एकाच्याही तोंडातून आवाज नाही. बाहेर येऊन ती ओळीनं उभी राहिली आणि गाडी दारातच बघून घाबरली. तरीही रडली नाहीत.

मॅडमनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “किती शांत आहेत,” त्या म्हणाल्या. मग ओळीच्या टोकापासून त्या मुलं मोजायला लागल्या.

मालक धंद्यात मुरलेला माणूस. वारा फिरला की ताडपत्री कुठून बांधायची, हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. “हेच मी आपल्याला दाखवणार होतो,” तो म्हणाला. “बघवत नाही हो मला. ही काट्याची खोली मोकळीच आहे. घ्या तुम्ही बालवाडीला.”

तशी ती झाली. खोलीला चुना लागला, कुंपणाला तार लागली, सरकारकडून सतरंज्या आणि रंगीत ठोकळे आले, शिकवायला एक तरुण ताई आली. उद्घाटनाला मालक बोलला. पोत्यांमागची मुलं पाहून आपल्याला किती रात्री झोप लागली नव्हती, हे त्यानं सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. लांबडीनं जोरात वाजवल्या, आणि वाजवताना कुंपणाबाहेर बघायचं टाळलं.

कुंपणाबाहेर मुंगीची आई उभी होती. मॅडम येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला मुकादमानं सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नकोस. सांगताना तो जमिनीकडे बघत होता. “गाडी उभी असताना गेली म्हणालीस, तेच मालकाला लागलंय. मुलं आणली त्याचं काही नाही.”

ती पुन्हा कचेरीत गेली. फरशी या वेळी कोरडी होती. मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं, “जागा कामावर असणाऱ्या आयांच्या मुलांना आहेत. वखारीची बालवाडी, म्हणून वखारीतल्या आया. तुमचं काम सुटलंय.”

“आजी आहे तिथं. गोण्या शिवते.”

“आजी चालत नाही.” मॅडमना हे म्हणायला आवडलं नाही, हे दिसत होतं. न आवडता म्हणायचं, हेच त्यांचं काम होतं. “पुढच्या वेळी नियम बदलतात का बघते मी.”

सासूला हे सांगितल्यावर तिनं दाभण तोंडातून काढलं. “आजी चालत नाही म्हणे. बसून शिवते म्हणून दिसत नसेल त्यांना.” मग दाभण बाजूला ठेवून म्हणाली, “तिथं सगळी ओरडतात गं दिवसभर. मला काही सुचत नाही त्या गलक्यात. मी कान देऊन बसते, मुंगीचा आवाज येतो का म्हणून. मग आठवतं.”

मुंगीची आई आता वावरात बटाटे वेचायला जाऊ लागली. मुंगी बांधावर बसायची. तिथं लपायला काही नव्हतं आणि लपायची गरजही नव्हती, तरी ती गाडीचा आवाज आला की मातीच्या ढेकळांत अंग दुमडून बसायची. आई म्हणायची, “ओरड की गं. इथं कुणी नाही. ओरड.” मुंगी तिच्या कानाशी येऊन विचारायची, “काय ओरडू?”

दुपारी आई मुंगीला घेऊन सासूची भाकरी द्यायला वखारीवर जायची. आत जायला तिला मनाई नव्हती, पाटीवर तिच्याविषयी काही नव्हतं, पण ती कुंपणाशीच थांबायची. एकदा सासूला यायला उशीर झाला. काट्याच्या खोलीतून गाणं येत होतं, गाणं थोडं आणि ओरडणं फार. तिच्या लक्षात आलं की आवाज ओळखीचे आहेत. ही पोरं तिनं मुकी पाहिली होती. लांबडीचं धाकटं सगळ्यांत वरचा सूर लावून, मान मागे टाकून किंचाळत असणार, तिला न बघताच कळलं. ऐकता ऐकता तिचा हात सैल पडला आणि मुंगी सुटली.

कुंपणाची तार खालून उचललेली होती. मुंगी तिच्याखालून आत गेली. अंगणात रिकाम्या गोण्यांचा ढीग होता. त्याच्यामागे ती बसली. जागा तिच्या सवयीची.

“मुंगे,” आई तारेवरून दबक्या आवाजात म्हणाली. “बाहेर ये. मुकादम बघेल.”

ढिगामागे शांतता.

“मुंगे, ये ना गं बाई.”

काही नाही. तारेखालून मोठ्या माणसाचं अंग जाण्यासारखं नव्हतं. फाटक उघडलं तर ते करकरतं, हे तिला माहीत होतं. तिनं वखारीच्या दाराकडे बघितलं. मालकाची गाडी उभी होती. मग ती तारेवर ओणवी होऊन, फक्त ढिगापुरतं, अगदी हळू म्हणाली,

“गाडी गेली.”

आत नुकतंच कडवं संपलं होतं, पुढचं सुरूच झालं नाही. पुढच्या क्षणी काट्याच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि सगळी बालवाडी अंगणात आली. धावत, एकमेकांना ढकलत, हसत, ओरडत. कुणी बोलावलं, कशाला आलो, काही माहीत नाही, शब्द कानावर पडला आणि पाय निघाले. त्या लोंढ्यात मुंगीही ढिगामागून उठून उभी राहिली.

“अरे, अरे! काय झालं? कोण म्हणालं?” ताई धावत आली. कामावर नवी होती, घाबरून गेली होती. हाताला लागेल त्या पोराला धरून ती आत लोटायला लागली. “चला, चला आत! सगळे आत!” पोरं हसत उलटी धावली. सगळ्यात शेवटी उरलेल्या एका मुलीचा तिनं हात धरला. ती मुलगी काही बोलत नव्हती, पळत नव्हती, तिचा काहीच त्रास नव्हता. अशा मुलीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

उंबऱ्यावर मुंगीनं मागे वळून आईकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

दार लागलं.

मुंगीच्या आईच्या घशात हाक आली होती, ती तिनं गिळली. कुणीतरी खिडकीशी आलंसं वाटलं, तशी ती कुंपणालगत खाली बसली, गुडघे छातीशी घेऊन, अंग चोरून. आत पुन्हा गाणं सुरू झालं. तिनं एक हात तोंडावर घट्ट धरला आणि त्या सगळ्या आरडाओरड्यात एक आवाज शोधत, आता आपल्याला बाहेर यायला कोण सांगणार याची वाट बघत, ती तिथंच बसून राहिली.